अडीच मिलिमीटर

नंदू धुरीला घाटकोपरजवळच्या असल्फ्यात कुणी मेकॅनिक म्हणत नसे. क्लच गेला, एसी गार करत नाही, गाडी सकाळी चालू होत नाही, असल्या कामांना साळव्यांच्या गॅरेजात दुसरी माणसं होती. नंदूचं काम गाडीच्या पोटाखालचं. एक्सल, हब, बेअरिंग, चाकं. "माझा नवरा चाळीस वर्षं झोपून कमावतो," असं त्याची बायको जानकी शेजारणींना सांगायची आणि सगळ्या हसायच्या. हल्ली तिने ते सांगणं सोडलं होतं. संध्याकाळी भटवाडीच्या पायऱ्या चढून नंदू घरी यायचा, दाराशीच बसायचा आणि उजवा गुडघा पाच-दहा मिनिटं दोन्ही हातांनी दाबत राहायचा. ते बघून हसू येत नसे.

तो एकोणसाठ वर्षांचा होता. वडील गिरणीत होते. संपानंतर ते देवगडकडे गावी गेले आणि तिथेच राहिले. सतरा वर्षांचा नंदू घाटकोपरला मावशीकडे राहिला आणि भाऊ साळव्यांच्या हाताखाली कामाला लागला. भाऊ जालन्याकडून आलेले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी एक पत्र्याची शेड टाकली होती, त्यात एक जॅक आणि दोन पेट्या हत्यारं, एवढंच गॅरेज. पहिल्या आठवड्यात भाऊंनी त्याला एकच गोष्ट शिकवली. चाक स्टडवर, म्हणजे नट आवळायच्या त्या आटेवाल्या दांड्यांवर, आपणहून सरकलं पाहिजे. ज्याला हातोडी लागते ते त्या गाडीचं चाक नव्हे.

भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. आता गॅरेज त्यांचा मुलगा विकी चालवत होता. विकी चाळिशीचा, वाईट माणूस नव्हे, पण सतत घाईत. जागेचा मालक कधीही जागा मागेल, समोर मोठं सर्व्हिस सेंटर उघडलंय, गिऱ्हाईक परत जाता कामा नये, हे त्याच्या डोक्यात चोवीस तास चालू असायचं. नंदूला तो काका म्हणायचा आणि अरेतुरे करायचा, कारण नंदूनेच त्याला सायकल शिकवली होती.

नंदूच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, दोन्ही. उजवा आधीचा, डावा नंतरचा. दोन वर्षांपूर्वी मुलगी मनालीने ओढून नेऊन दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन साधं आहे, पण महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. नंदूने "बघू" म्हटलं. गॅरेजात त्याने हे कुणाला सांगितलं नाही. भीती होती असंही नाही. एक काम संपायच्या आत दुसरी गाडी रॅम्पवर चढत होती, आणि महिनाभर बाजूला व्हायचं तर आधी विकीशी बोलावं लागणार होतं, त्याचा चेहरा पडलेला बघावा लागणार होता. तेवढंही त्याला जड वाटत होतं.

बोरीवलीच्या हर्षद मणियारांची जीप जानेवारीत आली. मणियारांचा प्लायवुडचा व्यवसाय, आणि डोंगर-चिखलात जीप घालणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये ते दहा वर्षांपासून. हल्ली मात्र गाडी त्यांची मुलगी दिशा चालवायची. ती अंधेरीला एका आर्किटेक्टकडे नोकरी करत होती, चोवीस-पंचवीस वर्षांची, बोलायला मोजकी. गेल्या पावसाळ्यात कर्जतच्या बाजूला एका चढावर जीपचा मागचा एक्सल तुटला. गाडी पंधरा फूट मागे घसरली. दिशाने ती कशीबशी एका दगडाला अडवली. तेव्हापासून मणियारांच्या मनात पक्कं झालं होतं की पुढचा-मागचा दोन्ही एक्सल काढून दणकट बसवायचे.

पुढचा त्यांनी मिलिटरीच्या लिलावातल्या जुन्या जीपचा मिळवला. मागचा माल वाहणाऱ्या पिकअपचा. दोन्ही भक्कम. अडचण एकच होती. चाक ज्यावर बसतं त्या पुढच्या हबला पाच नट आणि मागच्याला सहा.

"नंदूभाई, त्यात काय, अडॅप्टर प्लेट टाका ना," मणियार म्हणाले. "एका बाजूने सहा, दुसऱ्या बाजूने पाच. ऑनलाइन मिळते."

"टाकता येते," नंदू म्हणाला. "पण मग अख्ख्या गाडीचा भार त्या प्लेटच्या आतल्या नटांवर. ते नट चाकाच्या मागे लपतात. ढिले झाले तर चाक निघेपर्यंत कळत नाही. रस्त्यावर ठीक, दगडात नको."

"मग?"

"चारही चाकांना एकच हिशोब पाहिजे. एकतर सगळी सहाची करा, नाहीतर सगळी पाचची. स्टेपनी एक असते शेट. जंगलात मागचं पंक्चर झालं आणि स्टेपनी पुढच्याची निघाली तर काय करणार?"

दिशा जीपच्या बॉनेटला टेकून ऐकत होती. "काका, तुम्ही काय कराल?"

"मी सहा करीन. सामान मिळतं, भार वाटला जातो."

पण मणियारांनी चाकं आधीच घेऊन ठेवली होती. परदेशातून आलेली, जुनी पण चकचकीत, काळ्या रंगाची अलॉय. पाच नटाची. त्यावर रुंद, खोल खाचांचे नवे टायर चढवलेले. ती सोडायची त्यांची तयारी नव्हती, आणि नंदूनेही जास्त ताणलं नाही. पाच तर पाच. मागच्या एक्सलच्या तबकडीवर सहा भोकं आतल्या लहान वर्तुळात होती. बाहेर जागा भरपूर होती, तिथे पाच नवी भोकं पाडून स्टड बसवता येणार होते.

भोकं पाडायचं काम कुंदाचं. साकीनाक्याच्या गल्लीत तिचं लेथचं वर्कशॉप. नवरा गेल्यावर तिने मशीन विकलं नाही, स्वतः शिकली. आता त्या गल्लीत तिच्याइतकं सरळ भोक कुणी पाडत नव्हतं. नंदूने तिला सांगितलं, पुढच्या हबशी जुळवून दे. शेजारच्या दोन स्टडचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ब्याऐंशी मिलिमीटर. जुन्या जीपचं हे माप त्याला झोपेतही आठवलं असतं. कुंदाने तीन दिवसांत एक्सल परत पाठवला. सुतासारखं काम होतं.

राहिलं चाक मापणं. सहा नटाचं चाक मापायला सोपं, समोरासमोरच्या भोकांवर पट्टी ठेवली की झालं. पाचाच्या चाकात समोर भोकच नसतं. म्हणून शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यावरून ओळखायचं. नंदूने एक चाक आडवं पाडलं, व्हर्नियर लावला. शेडमधला ट्यूबलाइट लुकलुकत होता. व्हर्नियरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळत होत्या. त्याने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ आणला. मग सवयीप्रमाणे भोकांवर ग्रीस लावून त्यावर पुठ्ठा दाबला, छाप घेतला आणि पिशवीत टाकला. वहीत लिहिलं, ब्याऐंशी.

खरं सांगायचं तर त्याने ते वाचलं नव्हतं. जीपचं चाक पाच नटाचं असतं, आणि पाच नटाच्या जीपचं अंतर ब्याऐंशी असतं. चाळीस वर्षं ते तसंच निघालं होतं.

शुक्रवारी चाकं चढवायला घेतली. पहिलं चाक पुढे लावलं. तीन स्टड आत गेले, दोन अडले. विकीने रबरी हातोडी घेतली आणि दोन ठोके दिले. चाक आत बसलं.

"थांब," नंदू म्हणाला.

"काय झालं?"

"जोर लागला."

"नवा रंग आहे काका, भोकात रंग जमलेला असतो. बसलं ना?"

नंदू फरशीवर बसला होता. सकाळपासून तो तिसऱ्यांदा खाली बसला होता. उठून चाक काढायचं, भोकं पुसायची, परत मापायचं, म्हणजे गुडघ्यावर भार देऊन उभं राहायचं, परत बसायचं, आणि मग अजून तीन चाकं. बाहेर मणियारांचा ड्रायव्हर गाडी न्यायला येऊन बसला होता. नंदू उठला नाही. विकीने उरलेली तिन्ही चाकं तशीच बसवली आणि एअर गनने नट आवळले. जीप गेली. नंदूने हात धुतले. ग्रीस निघालं, पण हाताला तो अडलेपणा लागून राहिला होता, दार फुगल्यावर लावताना जाणवतो तसा.

शनिवारी त्याची सुट्टी होती. दुपारी तो ताटावर बसला आणि भात नुसता चिवडत राहिला.

"अवो, लक्ष खय आसा?" जानकीने विचारलं. "भात थंड झालो."

"चाक बसला नाय," नंदू म्हणाला.

"कोणाचा?"

"त्या जीपीचा. बसला, पण बसला नाय."

जानकीने आमटी वाढली. गाडीचं तिला कळत नव्हतं, पण नवरा ताटावर बसून खोटं बोलत नाही हे कळत होतं.

जेवून तो गॅलरीत गेला. उन्हाचा पट्टा होता तिथे. पिशवीतून पुठ्ठा आणि व्हर्नियर काढला आणि मनालीला हाक मारली. मनाली कुरिअरच्या ऑफिसात होती, तिलाही शनिवार सुट्टी. "जरा हे माप," तो म्हणाला. "या डागाच्या मध्यापासून या डागाच्या मध्यापर्यंत." त्याने तिला कसं धरायचं ते दाखवलं.

मनालीने व्हर्नियर लावला. "साडेएकोणऐंशी."

"नीट बघ. ब्याऐंशी असेल."

"साडेएकोणऐंशी, बाबा."

"दुसरी दोन माप."

तिने पाचही अंतरं मापली. पुठ्ठ्यावर ग्रीस थोडं पसरलं होतं, म्हणून एकदा एकोणऐंशी आलं, एकदा ऐंशीच्या जरा अलीकडे. ब्याऐंशीच्या जवळपास एकही गेलं नाही.

"बाबा, मला दिसतं," मनाली म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिने व्हर्नियर हळूच खाली ठेवला.

अडीच मिलिमीटर. इतका फरक असला की चाक मुळीच चढत नाही असं होत नाही. तेच वाईट. पूर्ण चुकीचं चाक कुणी लावतच नाही. हे थोडं अडतं, थोडं मारलं की बसतं, आणि मग प्रत्येक स्टड एका बाजूला ओढला जातो. नट आपल्या खळग्यात पूर्ण टेकत नाही. सपाट रस्त्यावर गाडी आठवडाभर चालेल, महिनाभरही चालेल. चढावर, एका चाकावर सगळा भार आला की स्टड एकेक करून तुटणार. आणि रविवारी सकाळी मणियारांचा ग्रुप निघणार होता. गाडी दिशा चालवणार होती.

त्याने विकीला फोन केला. विकीने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "काका, नट टाइट आहेत. मी स्वतः मारलेत. आणि चाकं त्यांची, आपण थोडीच विकलीत?"

"मापायचं काम आपलं होतं."

"तू आता हे बोंबलत गेलास तर उद्या सगळ्या ग्रुपला कळेल. वाट लागेल गॅरेजची. सोमवारी बोलावून घेऊ ना गाडी, काहीतरी कारण सांगू. चेकिंगचं सांगू."

"सोमवारी उशीर होईल रे."

"काही नाही होत. तू दमलायस. झोप जरा."

दमलायस हे खरं होतं. नंदूला वाटलं, झोपावं. फोन ठेवून तो आडवा झालाही. छताकडे बघत पडला, पंधरा मिनिटं असेल, आणि परत उठून बसला. मणियारांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मनालीने मेसेज लिहून पाठवला, 'गाडी बाहेर नेऊ नका, चाकांत चूक आहे, फोन करा.' संध्याकाळपर्यंत मणियारांनी तो बघितला नव्हता. दिशाचा नंबर नंदूकडे नव्हता. ड्रायव्हरचा होता. ड्रायव्हर म्हणाला, शेट लग्नाला गेलेत सुरतला, रात्री परत येतील आणि सकाळी सहाला निघतील. मी काही बोलणार नाही, तुम्हीच बोला.

पहाटे पाचला नंदूने रिक्षा पकडली. जानकीने चहा दिला, बरोबर येऊ का म्हणून विचारलं. तो नको म्हणाला. पवईच्या रस्त्याला तलावावर धुकं होतं, की डोळ्यांत होतं, त्याला सांगता आलं नसतं. समोरून येणारा प्रत्येक दिवा फुटून पसरायचा. तो डोळे मिटून बसला. हायवेला मेट्रोच्या खांबांखालून रिक्षा सरळ उत्तरेला चालली होती. काय बोलायचं याची त्याने दोन-तीनदा जुळवाजुळव केली, आणि मग सोडून दिली.

मणियारांची सोसायटी बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून. गेटमध्ये चार गाड्या उभ्या होत्या. ग्रुपची माणसं थर्मासमधून चहा ओतून घेत होती, कुणीतरी खाकऱ्याचा डबा फिरवत होतं. वॉचमनने नंदूला अडवलं. तेवढ्यात दिशाने त्याला बघितलं.

"काका? तुम्ही इथे?"

"गाडी नेऊ नकोस गं," नंदू म्हणाला. जुळवलेलं काहीच आठवलं नाही.

मणियार पुढे आले. झोप नीट झालेली नव्हती, डोळे लाल. "काय नंदूभाई, काय प्रॉब्लेम आहे?"

"चाकं या हबची नाहीत, शेट. अडीच मिलिमीटरचा फरक आहे. माझ्याकडून मापायला चूक झाली."

"चाकं तर बसली. परवा ड्रायव्हरने हायवेवरून आणली. काल मुलगी घेऊन फिरली."

"ठोकून बसवलीत. नुसत्या बसण्याला अर्थ नाही."

"पप्पा," दिशा म्हणाली, "मी काल तुम्हाला फोनवर बोलले. सत्तरच्या वर स्टीअरिंग थरथरत होतं. तुम्ही म्हणालात टायर नवे आहेत."

मणियार एकदा तिच्याकडे, एकदा मित्रांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोला."

दिशाने जॅक लावला. नंदू खाली बसला आणि पुढच्या डाव्या चाकाचे नट सोडवायला लागला. चौथा नट अडून बसला होता, पान्यावर उभं राहायला लागलं. चाक निघेना. दोघांनी हलवून हलवून ओढलं तेव्हा निघालं. नंदूने स्टडवरून बोट फिरवलं आणि दिशाचं बोट धरून तिथे ठेवलं. दोन स्टडचे आटे एका बाजूने खरवडून चपटे झाले होते. एक स्टड चक्क वाकला होता. सरळ बघितलं तर कळत नव्हतं, शेजारच्याच्या रेषेत डोळा लावला की कळत होतं.

चहा पिणाऱ्यांतला एक जण हळूच म्हणाला, "बाप रे."

मणियारांचा आवाज चढला. "नंदूभाई, वीस दिवस गाडी तुमच्याकडे होती. मुलगी बसणार होती माझी याच्यात. अडीच मिलिमीटर! तुम्हाला दिसत नाही का?"

तो प्रश्न रागात विचारलेला होता. त्याला उत्तर नको होतं. पण नंदू अजून खालीच बसलेला होता, पान्याला धरून, आणि त्याच्यात आता वेगळं काही सांगायचं त्राण नव्हतं.

"नाही दिसत," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मोतीबिंदू आहे. मी कुणाला सांगितलं नाही."

 वरच्या मजल्यावरून एक बाई बादलीने झाडांना पाणी घालत होती, ते पाणी टपटप खाली पडत होतं. मणियारांनी कपाळ चोळलं. "मग काम घेता कशाला?" असं ते म्हणाले, पण आता हळू, जवळजवळ स्वतःशी, आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

दिशा म्हणाली, "जुनी चाकं खाली पार्किंगमध्ये आहेत. ती बसतील?"

जीपची मूळची लोखंडी चाकं. अरुंद, गंजलेली, पण टायर बरे होते. बसायला हवीत, नंदूला ठाऊक होतं. पण त्याने व्हर्नियर पिशवीतून काढून दिशाच्या हातात दिला. "तू माप. काय यायला हवं ते मी सांगत नाही. जे दिसतं ते वाच."

तिने मापलं. "ब्याऐंशी. ब्याऐंशीला एखादा केस जास्त."

"आता मागच्या स्टडमधलं अंतर माप."

"तेवढंच."

वाकलेले आणि खरवडलेले, असे चारही चाकांचे मिळून पाच स्टड बदलावे लागले. नंदूने येताना पिशवीत आठ टाकून आणले होते. ग्रुपमधल्या दोघांनी बाह्या सरसावल्या. एक बोईसरचा कारखानदार होता, त्याला हाताने काम येत होतं. दीड तास गेला. प्रत्येक चाक स्टडवर धरलं की आपल्या आपण आत जाऊन टेकलं. पहिलं गेलं तेव्हा दिशा म्हणाली, "अच्छा. असं असतं." नंदूने मान हलवली. नट फुलीच्या क्रमाने, एक सोडून एक, कसे आवळायचे ते त्याने तिच्याकडून दोनदा करून घेतलं, आणि वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळायला सांगितलं.

"आणि रुंद टायर नाहीत, तेव्हा मोठ्या चढाला जाऊ नकोस," तो म्हणाला.

"नाही जाणार."

ग्रुप आठला निघाला. मणियार जाताना नंदूशी बोलले नाहीत. दिशाने गाडीत चढता चढता विचारलं, "तुम्ही घरी कसे जाणार?" आणि उत्तराची वाट न बघता वॉचमनला रिक्षा आणायला पाठवलं.

विकीला हे दुपारीच कळलं. बोईसरवाल्याने कौतुकाने म्हणून ग्रुपवर लिहिलं होतं आणि ते फिरत फिरत त्याच्याकडे आलं होतं. सोमवारी तो नंदूशी धड बोलला नाही. "मला आधी सांगायचंस ना, डोळ्यांचं," एवढंच म्हणाला. "मी काय राक्षस आहे?" नंदूला वाटलं सांगावं की तू राक्षस नाहीस, तू घाईत असतोस, आणि मी थकलेला असतो, आणि त्या दोघांच्या मध्ये ते चाक बसलं.  बुधवारी त्याने पालिकेच्या हॉस्पिटलात नाव घातलं. पंधरा दिवसांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी काढल्यावर पहिले दोन दिवस त्याला सगळं निळसर आणि फार स्वच्छ दिसलं. जानकीच्या कपाळावरच्या रेघा दिसल्या, आणि तिच्या हातावर तेलाचा जुना भाजलेला डाग दिसला, तो त्याच्या लक्षातच नव्हता.

"काय बघतास येवढा?" जानकीने विचारलं.

"काय नाय."

महिन्याने तो गॅरेजात गेला. ट्यूबलाइट अजून लुकलुकतच होता. भिंती काळ्या होत्या, त्या इतक्या काळ्या असतील असं त्याला वाटलं नव्हतं. विकीने मधल्या काळात भांडुपचा एक तिशीतला फिटर ठेवला होता. नंदूने सांगितलं की आता आठवड्याचे तीन दिवस येईन, आणि गाडीखाली जाणार नाही. बसून मापं घेईन, याला शिकवीन. विकी थोडं कुरकुरला आणि हो म्हणाला. भाऊंची खुर्ची मागच्या खोलीत पडून होती, ती त्याने स्वतः पुसून बाहेर आणली. नंदू बसला. दुपारपर्यंत त्याला कंटाळा आला आणि संध्याकाळपर्यंत पाठ दुखली. चाळीस वर्षांत बसून काम करायची सवय नव्हती.

एप्रिलमध्ये दिशा जीप घेऊन आली. अलॉय चाकांचं काय करायचं ते विचारायला. विकावीत, की हब बदलून त्यांच्या मापाची भोकं पाडावीत?

"विकून टाक," नंदू म्हणाला. "पुढे-मागे आता एकच माप आहे, कुंदाने नीट केलंय, ते मोडू नकोस. त्याच मापाच्या लोखंडी रिम घे, रुंद. पाच घे, स्टेपनी धरून. वाकली तर हातोडीने सरळ करता येते. अलॉय वाकत नाही, तडकते."

तिने फोनमध्ये लिहून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी आम्ही नाल्यापर्यंत जाऊन परत आलो. बाकीचे वर गेले. मी गाडीत बसून सँडविच खाल्लं."

"बरं केलंस."

"पप्पा पण आलेत," ती म्हणाली. "बाहेर आहेत."

नंदूने बाहेर बघितलं. रस्त्याच्या पलीकडे मणियारांची पांढरी गाडी उभी होती, काचा वर, एसी चालू. आत ते फोनवर बोलत होते की नुसता फोन हातात धरून बसले होते, उजव्या डोळ्याने आता ते नीट दिसत होतं. नुसता धरला होता. नंदूला क्षणभर वाटलं, उठावं, रस्ता ओलांडून जावं, काच वाजवावी. समोरून बसेस जात होत्या. गुडघा दुखत होता. दिशा वाट बघत उभी राहिली, आणि तो बसूनच राहिला.

"त्यांना सांग, चहा पाठवू का म्हणून," तो शेवटी म्हणाला.

दिशा जाऊन आली. "नको म्हणाले. पण चाकं इथेच बसवायची म्हणाले."

"बरं," नंदू म्हणाला, आणि भांडुपच्या फिटरला व्हर्नियर आणायला सांगितलं.